पुनवेचं नितळ पाणी

माझ्या आजोळी नदीचं पाणी गोड झालं की नाही हे सांगायचा मान मामाच्या घराकडे होता. मामाने सांगितलं की सांगितलं. त्यावर कुणी वाद घालत नसे.

गाव भिवंडीच्या खालच्या अंगाला. कामवारी नदी शहराला वळसा घालून खाडीला मिळते, तिथून फार लांब नाही. शेतं भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर. मध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात दगडी खांबांचं एक दार, त्याला उघाडी म्हणायचे. उन्हाळाभर त्या दारात सागवानी फळ्या एकावर एक बसवलेल्या असत, सांध्यांमध्ये चिखल लिंपलेला असे, कारण बाहेर खारं पाणी. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आलं की ते खाडीतल्या खाऱ्या पाण्याला खाली रेटायचं. मग भरतीलासुद्धा उघाडीशी गढूळ, गोडंच पाणी चढायचं. ते दिवस आले की फळ्या काढायच्या. गोडं पाणी भरतीला शेतात यायचं, ओहोटीला निघून जायचं, जाताना मातीतलं मीठ घेऊन जायचं आणि गाळ ठेवून जायचं. खत नको, पंप नको, सरकार नको. नदी वाहती हवी एवढंच.

पाणी गोड झालं हे मामा चाखून ठरवायचा. चौकड्यांचा रुमाल नेसलेला मामा उघाडीच्या पायरीवर उतरायचा, ओंजळ भरायचा, पाणी तोंडात घोळवायचा. थुंकला तर लोक घरी जायचे. गिळला तर पुरुष फळ्यांना हात घालायचे, बायका उघाडीला हळदकुंकू लावायच्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं, आणि मला वाटलं होतं की माझा मामा या गावचा राजा आहे. मामी मात्र तेव्हाही म्हणायची, "राजा कसला, मेला नदी पितो नि दोन दिवस पोट धरून बसतो."

काढलेल्या फळ्या गावदेवीच्या देवळात माळ्यावर जायच्या. दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, असा दंडक. घरात बोलावलेल्या पाहुण्याच्या तोंडावर मधेच दार लावायचं नाही, असं कारण सांगायचे. खरं कारण जास्त शहाणपणाचं होतं. कधीकाळी कुणीतरी भर पावसाळ्यात फळ्या लावल्या, वरून पाऊस कोसळला, आतलं पाणी बाहेर पडेना आणि अख्ख्या गावाचं भात कुजलं. लोक ते विसरले नव्हते. फक्त त्याचा देव करून ठेवला होता. पावसाळ्यात कामवारी आटू शकते, ही कल्पना त्या दंडकात कुठेच नव्हती. कशी असेल? आषाढात नदीला पाणी नाही, असं कुणी पाहिलंच नव्हतं.

आम्ही भिवंडीत नारपोलीला राहायचो. वडील तालुका कचेरीत कारकून, खोलीच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. दोन्ही शिफ्टला भिंत थरथरायची, फळीवरचे पेले आपोआप पुढे सरकायचे आणि आई बोलता बोलता ते मागे ढकलायची. कॉलेजात गेले आणि मला पत्रकं लिहायचा नाद लागला. आम्ही चार-पाच जण होतो. कपडा रंगवणारे कारखाने नदीत घाण सोडतात म्हणून आम्ही पत्रकं काढायचो. पत्रक लिहायची रीत सोपी असते. वर प्रश्न विचारायचा, मध्ये शत्रू उभा करायचा, खाली जनतेला हाक मारायची. "नदी तुमच्या बापाची आहे काय?" हे माझंच वाक्य. बरंच गाजलं. घरी वडिलांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "बाप कोणाचा काढलास?"

एकदा लूमच्या गेटवर पत्रकं वाटताना एका कामगाराने वाचायचा प्रयत्न करून परत दिलं. मी हिंदीत समजावलं, नदी का पानी गंदा हो रहा है वगैरे. तो हसला.

"दीदी, पहले पानी तो लाओ. गंदा बाद में कर लेंगे."

त्याच्या सोबत्यांनी टाळ्या दिल्या. मला राग आला. पण खरं होतं ते. पुलावरून बघितलं तर पावसाळ्यातसुद्धा मधूनमधून नदीचा नुसता तळ दिसायला लागला होता, आणि त्या तळातून रंगाची एक बारीक धार चाललेली असायची.

आजोळी तेव्हा आणखी एक गोष्ट चालली होती. मानकोलीच्या नाक्याकडून गोदामं पसरत होती. भातशेतात मुरूम टाकायचा, चांगला दोन पुरुष उंच भराव करायचा, वर पत्र्याची शेड. रस्त्याकडेची शेतं गेली, मग त्यांच्या मागची. मामाचा मुलगा, माझा मामेभाऊ, माझ्याच वयाचा. मोटारसायकल होती, केसांना तेल आणि डोक्यात गोदाम. मामाने सलग दोन वर्षं खारवलेलं, अर्धंमुर्धं भात घरात आणलं होतं. एके दिवशी जेवताना मुलाने स्पष्ट विचारलं, "बाबा, किती वरसं मीठ पिकवाचा?"

मामा भात कालवत राहिला. मग म्हणाला, "यंदाचा भात घेऊ. आला त जमीन ऱ्हाते, कोन कायबी बोलाचा न्हाय. न्हाय आला त तू बोलशील तसा."

"आईसमोर बोल."

"तुझे आईसमोरच बोलतोय."

मामी पाटावर बसली होती. ते शेत तिचं होतं, कागदावर नव्हे. पण लावणीला वाकणारी ती, बांध घालणारी ती, कुठल्या कोपऱ्यात पाय रुतून बसतो आणि कुठे खेकडे बिळं करून बांध पोखरतात हे जाणणारी ती. ती उठून ताक आणायला गेली. परत आली तेव्हा ताक आणायला विसरली होती.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि आला तो दात-ओठ खात. मृग कोरडा गेला. मग आर्द्रात एकदम आभाळच खाली आलं. नारपोलीत आमच्या खोलीत पाणी शिरलं, लूम बंद पडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कामवारी पुलाच्या कमानीला लागली. खाली गावात मामाने पाणी चाखलं आणि गिळलं. फळ्या निघाल्या, हळदकुंकू झालं, फळ्या माळ्यावर गेल्या. पाणी इतकं गोड की मामाने म्हणे दुसरी ओंजळसुद्धा घेतली. पुढच्या आठवड्यात लावणी. मामीने निरोप पाठवला, "पत्रकं ऱ्हाऊ दे, हात लागतील तेवढं कमीच हायत, ये." मी गेले. तीन-चार दिवस कमरेत वाकून मी आवण, म्हणजे भाताची रोपं, लावलं आणि सगळ्या बायकांनी मिळून माझी चेष्टा केली.

"भाचे, सरल रेघेत लाव गो. मोर्चा हाय का हा?"

"शिकलेली हाय ती. तिचा भात इंग्रजी बोलंल."

संध्याकाळी बांधावर बसून बघितलं तर सगळं खाजण, बांधाआडची ती सगळी शेतं, हिरवंगार, त्यात गढूळ पाणी हळूहळू चढत होतं. मामी म्हणाली, "यंदा होईल बघ." कुणाला म्हणाली कळलं नाही. मामा तर जवळ नव्हता.

त्यानंतर पाऊस थांबला.

थांबला म्हणजे झिमझिमही नाही. आषाढ सरत आला, श्रावण लागला, ऊन भाद्रपदातल्यासारखं पडायला लागलं. धुणी वाळायला लागली, लूम पुन्हा धडधडायला लागले, शहरात लोक म्हणाले, बरं झालं बाई, उघडलं. आणि गावातून मामेभाऊ मोटारसायकलवर आमच्या दारात आला. "बाबा सकालसंध्याकाल पानी चाखताय नि थुंकताय," तो म्हणाला. "गावात सगले बोलतात, वर कोनी तरी पानी आरवलाय. आई बोलली, ताईला घेऊन जा नि बघ कोन हाय तो."

खरं सांगायचं तर मला हुरूप आला. वर कुणीतरी नदी अडवली आहे! कुणी बागायतदार, कुणी वीटभट्टीवाला, कुणी पुढारी. पत्रकाचा मथळासुद्धा डोक्यात तयार झाला. आम्ही त्याच्या गाडीवरून नदीच्या कडेने वर निघालो. कामवारी काही गंगा नाही. सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत तिच्या उगमाच्या डोंगरापर्यंत जाऊन येता येतं.

शहराच्या वर रंगाच्या धारा संपल्या. मी म्हटलं, आता खरा चोर सापडेल. एका वीटभट्टीशी पंप होता. पावसाळा म्हणून भट्टी बंद, पंपावर कोंबडी बसलेली. पुढे भाजीवाल्यांनी वाळूच्या गोण्या टाकून छोटा बांध घातलेला. मामेभाऊ बाह्या सरसावून खाली उतरला आणि तिथूनच ओरडला, "ताई, इथं त बेरूक बुडंल येवराबी पानी न्हाय!" अडवायला पाणी असेल तर अडवणार ना. त्याहून वर दगडगोटे, दोन्ही काठ ओरबाडून निघालेले, झाडांची मुळं हवेत. आर्द्रातला तो लोंढा सगळं खरवडून घेऊन गेला होता. डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर झऱ्याशी हंडे रांगेत लावलेले होते, पावसाळ्यात! एक म्हातारी रांगेतल्या दगडावर बसली होती. आमची गाडी पाहून ती उठली आणि सरळ माझ्यावरच आली.

"टँकर कवा धाडतेस?"

मी म्हटलं, "आजी, मी सरकारकडून नाही आले."

"मग कनाला आलीस?"

"नदीचं पाणी कुणी अडवलं ते बघायला."

ती वळली. मग बाजूच्या बायांना म्हणाली, "ऐका गं. ही आपल्याकं पानी शोधाया आली." सगळ्या हसल्या. त्या हसण्यात आनंद अजिबात नव्हता. मी डोंगराकडे बघितलं. उतारावर झाडं तुटलेली होती, ती वर्षानुवर्षं तुटतच आली होती. ते लिहिता आलं असतं आणि पुढे मी लिहिलंही. पण तेवढ्याने हे भागत नव्हतं. जेवढी झाडं उरली होती तीसुद्धा कोमेजली होती. महिन्याभराचा पाऊस चार दिवसांत ओतून आभाळ निघून गेलं होतं. अडवणारा कुणी नव्हता. धरायला गचांडी नव्हती.

परतताना मामेभाऊ म्हणाला, "मग पत्रकात काय लिवशील? आभाल मुर्दाबाद?"

मी त्याच्या पाठीत बुक्की मारली.

आमच्या गटातले एक प्राध्यापक परदेशी मासिकं वाचायचे. त्यांनी मला त्याच सुमारास सांगितलं होतं की जगभरच्या कोळशाने आणि तेलाने हवा तापते आहे, आणि तापलेली हवा पाणी जास्त धरून ठेवते, मग सोडते तेव्हा एकदम सोडते, दोन पावसांमधली खिंडारं मोठी होतात. ते म्हणाले, आमच्या एका नदीच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. मला माहीत आहे. मी आजही हे सिद्ध करू शकत नाही आणि ज्याला सिद्धता हवी त्याने ती करावी, साधनं त्याच्याकडे आहेत. मी खारजमिनीच्या कचेरीत गेले तेव्हा तिथल्या साहेबांना विचारलं की कामवारीला कुठल्या वर्षी किती पाणी आलं याची नोंद कुठे मिळेल. ते सज्जन माणूस होते, चहा मागवला. म्हणाले, "या नदीवर आमचं मोजमाप नाही. लहान नदी आहे." लहान नदी! लहान नदी मेली तर ती मेली हे कळायचीसुद्धा सोय नाही. मी लोखंडी दाराचं विचारलं. काही गावांना सरकारने आपोआप मिटणारी दारं दिली होती, भरतीच्या रेट्याने बंद, ओहोटीला उघडी. साहेब म्हणाले, तुमच्या गावाचा सर्व्हे झालेला आहे. केव्हा झाला? झालेला आहे. मग दार? सर्व्हे झालेला आहे.

आजोळी जाऊन मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तो लोखंडाचा दार गोडं पानीबी बाहेर ठेवतंय. तो नको मना." मी डोक्याला हात लावला. पण त्याचंही चूक नव्हतं. गोडं पाणी होतं तोवर.

नारळी पौर्णिमा जवळ आली. पुनवेचं उधाण म्हणजे श्रावणातली सर्वांत मोठी भरती, ती भरदुपारी चढते. नदीला वरून पाणी नव्हतं, खाडीला खाली रेटायला जोर नव्हता. उघाडी सताड उघडी. दिवसागणिक पाणी मचूळ होत चाललं होतं, पण मोठी भरती अजून आलेली नव्हती, आवण तग धरून होतं. सणाच्या आदल्या दिवशी देवळात गाव जमलं. माळ्यावरच्या फळ्या उतरवायच्या की नाही, एवढाच प्रश्न.

बायका देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या, मी त्यांच्यातून उठून आत गेले. मी म्हटलं, "आज ओहोटीला फळ्या लावा. उद्या दुपारी खाडी आत येणार. यात चर्चा कसली करताय?"

एक म्हातारा म्हणाला, "लावल्या नि रातच्याला पाऊस आला त? आतला पानी कुठं जाईल? आमचे आज्याचा भात असाच कुजला."

"पाऊस नाहीये, आजोबा. वर जाऊन आलेय मी."

"रेडिओ त बोलतो येनार हाय."

"रेडिओ पंधरा दिवस तेच बोलतोय."

दुसरा कुणी म्हणाला, "नि सनाचे दिवशी? ज्याला सकालला नारल द्यायचा त्याच्याच तोंडावर फल्या? दर्या काय बोलंल?"

"दर्या काही बोलणार नाही. शेतात येईल फक्त!" माझा आवाज चढला. मागून कुणीतरी म्हणालं, पोर शहरात वाढली. सगळे मामाकडे बघायला लागले, कारण चाखणारा तो, लावा म्हणायचा अधिकार त्याचा. मामा देवीकडे तोंड करून उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि हळू म्हटलं, "मामा, तूच थुंकतोयस ना पाणी? मग?"

तो म्हणाला, "थुंकतोय मी. पन लाव कसा बोलू? माझे बापाने कवा लावली न्हाय, आज्याने लावली न्हाय. मी लावली नि पाऊस आला, त अख्खा गावाचा भात माझे हाताने गेला. न्हाय लावली नि खारा आला, त तो दर्याने नेला." देवीकडे बघतच म्हणाला, "मना ते जास्त सोसंल."

मामी ओट्यावरून म्हणाली, "नि मना?" पण तोवर लोक उठायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने नवे कपडे घातले. पोरी वेण्या माळून, पुरुष टोप्या घालून, सोनेरी कागद लावलेला नारळ वाजतगाजत बंदरावर नेला. खाडीत सोडला. मामीने नारळीभात केला होता, करंज्या केल्या होत्या. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, एक ढग नाही. माणसं घरी येऊन पाटावर बसतात न बसतात तोच बांधावरून पोरांची आरडाओरड ऐकू आली. आनंदाची. शेतात बोय मासे उड्या मारत होते आणि पोरं टोपल्या घेऊन धावत होती.

मी धावत गेले. आजवर मी त्या शेतात गढूळ, तांबडं पाणीच पाहिलं होतं. हे पाणी नितळ होतं. इतकं नितळ की आवणाची मुळं, गाळावरच्या खेकड्यांच्या पावलांच्या रेघा, सगळं खाली स्पष्ट दिसत होतं. नदीचा गाळ नसलेलं पाणी. खाडीचं. उघाडीतून ते आवाज न करता येत होतं आणि चढत होतं.

पुढचं मला एकसंध आठवत नाही. मामी पदर खोचून शेतात उतरली आणि आपल्या वरच्या तुकड्याभोवती हाताने चिखलाची कड घालायला लागली. मी घमेली भरून द्यायला लागले. ती कड घालायची, पाणी ती वरून ओलांडायचं, ती आणखी थापायची. ती मला शिव्या देत होती, मामाला देत होती, दर्याला देत होती. तिकडे मामा पळत देवळाकडे गेला होता. नव्या टोपीसकट माळ्यावर चढला आणि फळ्या खाली टाकायला लागला. दसऱ्याच्या आत! कुणी त्याला अडवलं नाही. सगळ्यांत आधी फळी खांद्यावर घेऊन उघाडीत उडी टाकली ती मामेभावाने. त्याच मामेभावाने, ज्याला हे शेत भरावाखाली हवं होतं. छातीभर पाण्यात तो फळी खाचेत बसवायला बघत होता आणि भरतीचा रेटा फळी उचलून त्याच्या तोंडावर आणत होता. "दाबा रे! दाबा ना भोसडीच्यांनो!" तो रडत ओरडत होता. सात-आठ पुरुष लागले. ज्या फळ्या ओहोटीच्या चिखलात, निवांत, सांधे लिंपत लावायच्या, त्या उधाणाच्या तोंडावर लावता येत नाहीत. एक फळी बसली. दुसरी उलटी फिरून त्याच्या हातावर आली आणि त्याची दोन बोटं मोडली. तिसरी सुटून शेतात तरंगत गेली.

मग भरती आपल्या वेळेने थांबली. पाणी आरशासारखं स्थिर झालं, त्यात आभाळ दिसायला लागलं. मामीची चिखलाची कड त्या पाण्याखाली कुठेतरी होती. ती तिथेच कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "चाखून बघ."

मी म्हटलं, "मामी, चल वर."

"चाख गो. तुझा मामा चाखतो ना येवरी वरसं? तू चाख."

मी चाखलं. काय सांगायचं. दर्या होता तो.

आठवडाभरात रोपांचे शेंडे पिवळे पडले, मग तांबूस, मग पानं सुरळीसारखी गुंडाळली गेली. मामाने खारट जमिनीत तगतो तो जाडा, लाल भात लावला होता. पण तगण्याला मर्यादा असते, तो काही मासा नव्हे. म्हशींनीही त्याला तोंड लावलं नाही. आणि भाद्रपद लागता लागता पाऊस आला! असा आला की रेडिओवाल्यांनी स्वतःची पाठ थोपटली असेल. कामवारी दुथडी भरून वाहिली, गढूळ, तांबडी, गोड. मेलेल्या शेतात ती सकाळ-संध्याकाळ येत राहिली, गाळ टाकत राहिली, मीठ धूत राहिली. इतकं सुरेख पाणी मी आजोळी कधी पाहिलं नव्हतं. मला त्या पाण्याचा जितका संताप आला, तितका कुठल्या मालकाचाही कधी आला नाही. मामा उघाडीवर गेला नाही. चाखायला काय उरलं होतं?

मामेभावाने स्वतःहून गोदामाचा विषय काढला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. हाताला प्लास्टर घालून तो नुसता ओटीवर बसायचा. शेवटी मामाच म्हणाला, "बोललो होतो मी. बोलव त्या गोदामवाल्यांना."

"बाबा, पुढचे वरसाला बघू ना अजून एकदा."

"पुढचे वरसाला पाऊस कवा येनार सांग मना. सांग. मी तवा फल्या काढतो."

तोच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर नदीकडे नव्हतं, देवीकडे नव्हतं, कचेरीत नव्हतं, माझ्या पत्रकात तर नव्हतंच. ज्यांच्या धुराड्यांनी हे केलं त्यांची गावंसुद्धा मला माहीत नाहीत. रंगाच्या कारखान्याच्या गेटवर मी उभी राहू शकते. यांचं गेट कुठे आहे?

दिवाळी झाल्यावर मुरुमाचे ट्रक आले. बांधावरून आत यायला त्यांनी वाट केली. मामा घरातच राहिला. मामेभाऊ, मामी आणि मी तिथे होतो. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर उत्तरेकडचा पोरगेला माणूस, खाली उतरून त्याने सगळं खाजण बघितलं, लघवी करून आला आणि विचारलं, "कहाँ से डालना शुरू करूँ, भैया?"

मामेभावाने माझ्याकडे बघितलं. मी मामीकडे बघितलं. ड्रायव्हरने पुन्हा विचारलं.

मामी पुढे झाली. आयुष्यात कुणाशी हिंदी न बोललेली बाई ती. तिने हात लांब करून बांधातलं ते दगडी दार दाखवलं.

"उधरसे डाल. पानी वहीसे आता है."

ड्रायव्हर गाडीत चढला आणि ट्रक मागे घ्यायला लागला. मामी त्याच्या मागोमाग चालत गेली, तो नीट तिथेच टाकतो की नाही ते बघायला.